समासातल्या परातेबाई

आमच्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. अध्यक्षांचा फोन आला, "मॅडम, परातेबाईंवर चार ओळी तुम्हीच द्या. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" मी बसल्या बैठकीला चार ओळी लिहिल्या. कष्टाळू, मनमिळाऊ, वाचनाची आवड, मुलांच्या लाडक्या. अशा ओळी कोणावरही चालतात. लिहून झाल्यावर वाचल्या आणि माझी मलाच शिसारी आली. तरी पाठवून दिल्या, कारण छापखान्याची घाई होती आणि खरं छापायची माझी छाती नव्हती. खरं ते इथे लिहिते.

परातेबाई धरमपेठेतल्या आमच्या वाचनालयात परिचर होत्या. म्हणजे पुस्तकं झाडायची, जागच्या जागी लावायची, दुपारी चहा सांगायचा, संध्याकाळी खिडक्या लावायच्या. मी ग्रंथपाल. रुजू झाले तेव्हा मी पंचविशीची होते, बी.लिब.ची पदवी ताजी होती आणि नाक वर होतं. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं आणि मी ते खुशाल म्हणवून घेतलं.

त्यांचं घर गोळीबार चौकाकडे, कोष्ट्यांच्या वस्तीत. वडिलांचा हातमाग होता. शाळेतून आलं की दप्तर फेकून चरख्यावर बसायचं आणि मागावर धावणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, हे त्यांचं लहानपण. माग कधीचाच मोडीत निघाला, भाऊ ऑटो चालवायला लागले, पण बाईंच्या बोटांतलं सूत काही गेलं नाही. समोर कोणीही येवो, पदराचं टोक चिमटीत धरून पाहिल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. एकदा माझ्या नव्या कोऱ्या साडीचा पदर असाच चिमटीत धरला आणि चारचौघांत म्हणाल्या, "हातमागाची म्हणून देल्ली का तुम्हाले? मिलची आहे वं मॅडम. फसवलं!" खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

पुस्तकाचं पानही त्या तसंच चिमटीत धरून पाहत. पुस्तक झाडताना प्रत्येक पुस्तक उघडत, म्हणून झाडायला दुप्पट वेळ लागे. मी कुरकुर केली की म्हणत, "वरची धूळ फडक्यानं जाते. आतली कोण काढन?"

सिव्हिल लाइन्समधलं एक जुनं बिऱ्हाड मुलाकडे परदेशी गेलं आणि जाताना तीन खोके पुस्तकं आम्हाला देऊन गेलं. त्यात ते पुस्तक होतं. इंग्रजी, परातीएवढं मोठं, कुठल्याच कप्प्यात उभं राहीना. सातासमुद्रापलीकडच्या जुन्या परीकथा, राजकन्या, लांडगे, चेटकिणी, जंगलात हरवलेली भावंडं. प्रत्येक गोष्टीला जुन्या चित्रकारांची रंगीत चित्रं, वेगळ्या चकचकीत कागदावर, वर पातळ बटरपेपर. आणि पानाच्या बाजूला हा एवढा रुंद समास, त्यात बारीक टाइपात टिपाच टिपा. मी 'संदर्भ, घरी देऊ नये' असा शिक्का मारला आणि विसरून गेले. आठ दिवसांनी पाहते तो बाई झाडणं सोडून त्या पुस्तकाशी फतकल मारून बसलेल्या.

"मॅडम, गोष्ट तं मधात आहे. मंग बाजूनं हे मुंग्यांवाणी काय लिहून ठेवलं?"

"टिपा आहेत. गोष्टीवर एका अभ्यासकानं माहिती दिली आहे."

"म्हणजे एक जण गोष्ट सांगून राहिला, अन् दुसरा बाजूले बसून बोलून राहिला?"

"तसंच समजा."

"अवं माय! म्हणजे माझा बापच की हा. पिक्चर पाहाले नेलं का अख्ख्या टॉकीजले सांगत राहे, तो घोडा बदलला पाहा, ते रक्त नकली आहे."

त्या दिवसापासून त्या अनोळखी अभ्यासकाचं नाव 'टीपवाला' पडलं. बाई मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी जेमतेम. रद्दीतून एक कव्हर नसलेली डिक्शनरी आणली आणि रोज दुपारी डबा खाऊन झाला की टीपवाल्यासमोर बसायच्या. एक गोष्ट महिना महिना चाले. मला मनातून हसू यायचं. एकदा म्हटलंसुद्धा, "परातेबाई, मराठीत इतकी सोपी गोष्टीची पुस्तकं आहेत, ती घ्या की."

"ते पुस्तकं गोष्ट सांगतात अन् चूप बसतात. याच्यात गोष्ट संपली का टीपवाला म्हणते, थांब, जाऊ नको, असं काहून झालं ते पाहू. मले तं अर्धी मजा तिथीच येते."

आणि त्या टीपवाल्याशी भांडायच्याही. चरख्याची चाती बोटाला लागून शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येचं चित्र होतं. टीपवाल्यानं लिहिलं होतं, की कातणं हे बायकांच्या नशिबाचं चिन्ह आहे. मी अर्थ सांगितला तर बाई फणकारल्या, "चिन्ह म्हणे! बोटात चाती घुसली का रक्त येते, चिन्ह नाई येत." मग चित्र डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "अन् चित्र काढणाऱ्यानंही कधी सूत पाह्यलं नाई. असा हात धरला तं धागा एका मिनिटात तुटते." अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. ती काढली आणि टीपवाल्याच्या टिपेखाली मराठीत तेवढं लिहून टाकलं.

मी चमकलेच. वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं? आम्हाला पदवीच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात की पुस्तकातली पेन्सिलीची रेघ ही घाण आहे. मी तसं बोलले.

"पेन्सिलच आहे ना मॅडम. अन् त्या टीपवाल्यानं लिहिलं ते चालते, मी लिहिलं ते काहून नाई चालत?"

न सुचलेल्या उत्तराचा राग माणूस किती वर्षं धरून बसतो, ते मला विचारा.

शनिवारची गोष्ट आधी मी सांगत असे. पोरं जांभया द्यायची, पाणी प्यायला जायची आणि परत यायची नाहीत. एका शनिवारी माझा घसा बसला म्हणून बाईंना उभं केलं. त्यांनी ते थोरलं पुस्तक मांडीवर घेतलं, बटरपेपर अलगद उचलला आणि तोंडातून एक शब्द न काढता चित्र पोरांकडे फिरवलं. प्रत्येकानं चित्रात काय दिसतं ते सांगायचं. मग गोष्ट. मग टीपवाला काय म्हणतो ते. आणि मग पोरांचे प्रश्न. चांगला प्रश्न आला की अंबाड्यातली पेन्सिल निघायची आणि तो प्रश्न पोराच्या नावासकट समासात जायचा. पुढच्या शनिवारी माझा घसा सुटला होता, पण मुलांनी मला विचारलं, "गोष्टवाल्या बाई कुठे आहेत?"

ते प्रश्न मला आजही पाठ आहेत. का पाठ आहेत ते पुढे सांगते. 'लांडग्याले आजीचा चष्मा कसा लागला? दोघांचा नंबर एकच होता का? – रोहित.' 'चाती लागली की झोप येते, तर माझी आजी जन्मभर कातत होती, तिला का झोप लागत नाही? – सुषमा.' 'राजकन्या शंभर वर्षं झोपली, तर जागी झाल्यावर तिला कोणत्या वर्गात बसवलं? – इम्रान.' पान उघडलं की मधोमध गोष्ट, एका अंगाला सातासमुद्रापलीकडचा टीपवाला, आणि त्याच्या खाली दाटीवाटीनं आमची नागपूरची पोट्टी. आता वाटतं, असं पुस्तक साऱ्या जगात दुसरं नव्हतं. तेव्हा मला फक्त समास खराब झालेला दिसे.

त्या पोरांत एक प्राजक्ता होती, नऊ-दहा वर्षांची. आई गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं. एका शनिवारी सावत्र आईनं रानात सोडून दिलेल्या भावंडांची गोष्ट झाली. कुठल्या तरी पोरानं प्राजक्ताकडे बोट दाखवलं आणि सगळी खी खी करून हसली. पुढचे दोन शनिवार प्राजक्ता आली नाही. बाईंनी दोन आठवडे डिक्शनरी सोडली नाही. मग स्वतः प्राजक्ताच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, तिला हाताला धरून आणलं आणि सगळ्यांसमोर टीपवाल्याची एक टीप वाचली. ही गोष्ट पहिल्यांदा छापली तेव्हा त्यात सख्खीच आई होती. सख्खी आई असं करते हे वाचणाऱ्यांना सोसेना, म्हणून गोष्ट जमवणाऱ्यांनी पुढे ती सावत्र करून टाकली.

"म्हणजे पोट्टेहो," बाई म्हणाल्या, "केलं कोणं, अन् बदनाम कोण झालं? जे गोष्टीत नव्हतीच, ते!"

कोणी हसलं नाही. बाईंनी टिपेखाली लिहिलं, 'प्राजक्ता, हे तुझ्या घरच्या आईसाठी. तिले सांग.' पुढच्या शनिवारी एक बारीकशी बाई दारात चपला काढून उभी राहिली. म्हणाली, "मला ते पान दाखवता का?" तिनं ते उभ्याउभ्याच वाचलं, पदर तोंडाला लावला आणि गेली. त्यानंतर दर शनिवारी प्राजक्ताला सोडायला तीच येऊ लागली. हे सगळं मी माझ्या टेबलावरून पाहिलं आहे. त्या पेन्सिलीची किंमत मला कळलीच नव्हती, असं म्हणायची सोय मला नाही.

बाई निवृत्त झाल्या, तरी शनिवारी यायच्याच. एका कार्यक्रमाला पाहुणे आले, त्यांनी सरळ परातेबाईंना नमस्कार केला, "तुम्हीच ना इथल्या ग्रंथपाल? फार ऐकलंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा पाणी आणता का?" बाई एकदम ओरडल्या, "अहो साहेब, मॅडम तं ह्या आहेत!" सगळे हसले. मी पाणी आणलं. हसत हसत आणलं. आतून मात्र जळून कोळसा झाले होते, आणि राग पाहुण्यावर निघायचा तो बाईंवर निघाला.

मग तपासणी आली. आमचं वाचनालय 'ब' वर्गातून 'अ' वर्गात जायचं होतं. समिती येणार, दर्शनी टेबलावर आपली उत्तमातली उत्तम पुस्तकं मांडायची. बाई त्या वेळी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी पडून होत्या. मी ते थोरलं पुस्तक बाहेर काढलं, एक नवं खोडरबर घेतलं आणि पहिल्या गोष्टीपासून बसले. तीन दुपारी लागल्या. प्रत्येक ओळ आधी वाचायची आणि मग खोडायची. म्हणून तर पाठ आहेत. रोहितच्या चष्म्याला मला हसूही आलं, आणि हसता हसता मी तो खोडला. नियमानं सगळं बरोबर होतं, कोणी विचारलं असतं तर पाठ्यपुस्तकातलं पान काढून दाखवलं असतं. पण प्राजक्ताच्या टिपेपाशी माझा हात थांबला होता. चांगला थांबला होता. आणि मग मी म्हटलं, एवढंच ठेवून काय करायचं? हात थांबूनही मी पुसलं, याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे.

समिती आली. त्यांनी रजिस्टरं पाहिली, पंखे मोजले, पोहे खाल्ले. त्या पुस्तकाला कोणी हातही लावला नाही.

बाई काठी टेकत परत यायला लागल्या, तेव्हा पुस्तक कपाटात कुलूपबंद होतं. आज किल्ली घरी राहिली, आज कुलूप अडकलं, असे माझे शनिवार चालले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालेलं. बाई बिचाऱ्या आठवणीनं गोष्टी सांगत आणि म्हणत, "टीपवाल्याबिगर मजा नाई वं मॅडम."

आणि एका शनिवारी प्राजक्ता आली. आता मोठी झालेली, नोकरीसाठी बंगलोरला निघालेली. सोबत तिची आई. "बाई, जायच्या आधी आईला आणि मला ते पान एकदा बघायचंय." बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. माझ्याकडे हात पुढे केला. प्राजक्ताही पाहत होती, तिची आईही. किल्ली माझ्या पर्समध्येच होती आणि आता ती घरी राहिली असं म्हणायला माझी जीभ वळेना.

बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं, न चाळता नेमकं पान उघडलं. पाहिलं. पान चिमटीत धरलं. मग खिडकीकडे तिरपं करून पाहिलं, मागची चार पानं पाहिली, पुढची चार पाहिली.

"कोणं पुसलं?"

तेव्हा 'मी' म्हणायला किती वेळ लागला असता? एक अक्षर. मी म्हणाले, "वरून आदेश होता. तपासणीच्या आधी सगळी पुस्तकं साफ करा म्हणून. माझाही नाइलाज झाला." आणि एवढ्यावर न थांबता म्हणाले, "मलाही फार वाईट वाटलं, परातेबाई."

प्राजक्ताची आई म्हणाली, "राहू द्या. आम्हाला माहीत आहे तिथे काय होतं." तरी प्राजक्तानं त्या कोऱ्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. बाईंनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा काय इलाज, मॅडम. नोकरी आहे." तो हात मला चटका बसावा तसा लागला.

त्यानंतर बाई वाचनालयात आल्या नाहीत. दिवाळीनंतर झोपेतच गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी, भर एप्रिलात.

साडेबाराला जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयातून फोन आला. तिथले साहेब बोलत होते. "तुमच्याकडच्या पराते म्हणून बाई आल्या होत्या. तासभर भांडल्या हो. आमच्या मॅडम पुस्तकाले जिवापाड जपतात, त्यांच्या हातून असं पाप तुम्ही करून घेतलं, लेखी माफी द्या म्हणत होत्या. मॅडम, असा आदेश आम्ही कशाला काढू? फाईल उघडून दाखवली त्यांना. मग एकदम गप्प झाल्या. आता खाली लिंबाखाली बसल्या आहेत. ऊन फार आहे, कोणाला तरी पाठवा."

मी वाचनालयाला कुलूप घातलं आणि स्कूटी काढली. नवा गुडघा, दोन बस बदलून, दोन मजले चढून त्या माझ्यासाठी भांडायला गेल्या होत्या. माझ्यासाठी! वाटेत मी मोठ्यानं स्वतःला शिव्या देत होते. सिग्नलवरचा एक माणूस वळून पाहायला लागला. ठरवलं, गेल्या गेल्या पाय धरायचे आणि सांगून टाकायचं.

बाई झाडाखाली ओट्यावर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, काठी मांडीवर आडवी. मला पाहून उठल्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "भेटली मी साहेबाले. चुकून निघाला म्हणे तो आदेश. माफी मांगितली बिचाऱ्यानं. तुमच्या मॅडमचा काही दोष नाई म्हणाले."

माझ्याकडे पाहत नव्हत्या. मला साहेबांचा फोन येऊन गेला हे त्यांना माहीत नव्हतं. जन्मात खोटं न बोललेली बाई रस्त्यावर उभी राहून माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि ते तिला नीट जमतही नव्हतं. तिनं मला झाकलं होतं. मी ते पांघरूण घट्ट ओढून घेतलं. म्हणाले, "बरं झालं, परातेबाई. माझ्या मनावरचं ओझं गेलं."

"हाव," त्या म्हणाल्या. "चला, घरी सोडून द्या मले."

एरवी त्या मागे बसल्या की खांदा धरून बसायच्या. त्या दिवशी त्यांनी मागचा दांडा धरला होता. गोळीबार चौकातून गल्लीत वळले, दाराशी गाडी उभी केली. त्या हळूहळू उतरल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. भेटल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.

"या ना आत, मॅडम. बसा थोडं. जे बोलाचं ते बसून बोलू."

मला कळलं त्या काय देत होत्या ते. न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. मी म्हणाले, "नको, उशीर होतोय. वाचनालय उघडं टाकून आले."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीला हात लावत आत गेल्या. दार लोटलं नाही. मी गाडी चालू ठेवून तशीच बसले होते. आतून त्यांचा आवाज आला, सुनेला सांगत होत्या, "दोन कप चहा ठेव वं. मॅडम येऊन राहिल्या."

मी गाडी वळवली.